१९६६ चा अली की १९८८ चा टायसन? वेगवेगळ्या काळातले हेवीवेट समोरासमोर आले तर...

खिडकीतला कावळा

अली विरुद्ध टायसन हा वाद बॉक्सिंग बघणाऱ्या प्रत्येकाने कधी ना कधी घातलेला असणार. मलाही घालायचाय, पण जरा शिस्तीत. नुसतं "टायसन जिंकेल" म्हणून भागणार नाही. कोणत्या दिवशीचा टायसन ते सांगा. जून १९८८ मध्ये अटलांटिक सिटीत मायकेल स्पिंक्सला ९१ सेकंदांत आडवा करणारा, की फेब्रुवारी १९९० मध्ये टोकियोत बस्टर डग्लसचा मार खाऊन गुडघ्यावर माउथगार्ड चाचपडणारा? दोघांत दोन वर्षांचंही अंतर नाही.

अलीचंही तेच. माझी निवड नोव्हेंबर १९६६, ह्यूस्टनचा ॲस्ट्रोडोम, समोर क्लीव्हलंड विल्यम्स, तिसऱ्या फेरीत खेळ खलास. तो अली पुन्हा दिसला नाही. पुढच्याच वर्षी सैन्यभरतीला नकार दिला म्हणून किताब गेला, परवाना गेला, आणि १९७० मध्ये परतला तेव्हा पाय पूर्वीचे राहिले नव्हते.

तर प्रश्न दोन. एक, १९६६ चा अली वि. १९८८ चा टायसन. दुसरा माझ्या जास्त जिव्हाळ्याचा: डेम्प्सी, लुईस, मार्सियानो हे जुने "छोटे" हेवीवेट आजच्या धिप्पाड गड्यांपुढे टिकतील का? मार्सियानो ५ फूट १० इंच, वजन ८४ किलोच्या आसपास. आजच्या पिढीतला ब्रिटिश हेवीवेट फ्युरी ६ फूट ९ इंच आणि डिसेंबर २०२४ मध्ये काट्यावर कपड्यांसकट १२७ किलो.

माझं मत: अली गुणांवर जिंकतो, आणि मार्सियानोला आज कुणी फ्युरीसमोर उभंही करणार नाही. आता हाणा.

अर्धा कप चहा

सचिन की ब्रॅडमन झालं, लता की आशा झालं. हेच राहिलं होतं. बसलोय, चालू द्या.

धडाकेबाज८८

टायसन. चौथी फेरी. विषय संपला.

बरं, शिस्तीत हवंय म्हणून कारण देतो. अली हात खाली ठेवून लढायचा आणि ठोसा आला की वाकण्याऐवजी सरळ मागे झुकायचा. जॅबपासून (सरळ, लांब ठोसा) वाचायला ते चालतं, डाव्या हुकपासून (बाजूने वळून येणारा ठोसा) नाही. १९६३ मध्ये वेम्ब्लीत हेन्री कूपरने चौथ्या फेरीच्या शेवटी त्याला डाव्या हुकनेच दोरांपाशी बसवला होता. १९७१ मध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डनला फ्रेझरने पंधराव्या फेरीत पाठीवर पाडला, तोही डाव्या हुकने. आता टायसनचा डावा हुक आठवा. तो फ्रेझरपेक्षा खालून येतो, आणि त्याच्याआधी बरगडीत एक उजवा बसलेला असतो.

मोजपट्टी

@धडाकेबाज, हुकचा मुद्दा एकदम बरोबर. फक्त पुढची गोष्ट सोडलीत. कूपरने पाडला, मग? पुढच्याच फेरीत कूपरची भुवई फाटून लढत थांबली. फ्रेझरने पाडला, मग? काही सेकंदांत उठून उभा. अली पडायचा, पण पडून राहायचा नाही.

आता टायसनची दुसरी बाजू बघा. जेम्स टिलिस दहा फेऱ्या टिकला. बोनक्रशर स्मिथ बारा फेऱ्या मिठ्या मारत टिकला. टोनी टकर उंच आणि जॅबवाला, तोही बारा. हे तिघे अलीच्या पासंगालाही पुरत नाहीत. डग्लसने टोकियोत वेगळं काय केलं? लांब जॅब, त्यामागे उजवा, जवळ आला की मान धरायची. अलीचा धंदाच तो होता. जानेवारी १९७४ ची फ्रेझरबरोबरची दुसरी लढत काढून बघा. फ्रेझर आत शिरला की डावा हात मानेमागे, डोकं खाली दाबलं, रेफ्रीची वाट बघत उभा. म्हणून मी म्हणेन की आधी रेफ्री कोण ते सांगा. मिठी लगेच सोडवणारा असेल तर टायसनला सहा फेऱ्या मिळतात. कानाडोळा करणारा असेल तर अली आरामात.

गुळपोळी

नोव्हेंबर २०२४ चा टायसन चालेल का? यूट्यूबवाल्या पोराबरोबर दोन-दोन मिनिटांच्या आठ फेऱ्या नाचलेला? त्याच्याविरुद्ध माझ्या मेहुण्याचं नाव देते. तो जिमला जातो, फोटोपुरता.

धडाकेबाज८८

@गुळपोळी, अठ्ठावन्नाव्या वर्षी आठ फेऱ्या उभा राहिला तो माणूस. मेहुण्याला आधी एक मिनिट गार्ड वर धरून दाखवायला सांगा.

जुना रेडिओ

मंडळी, हा धागा तुम्ही काढण्याच्या कितीतरी आधी अमेरिकेत हाच उद्योग संगणकावर झालाय.

१९६७ मध्ये मरी वोरोनर नावाच्या रेडिओ निर्मात्याने सर्वकालीन हेवीवेट विजेत्यांची स्पर्धा भरवली. जिवंत-मेलेल्या बॉक्सरांची माहिती एनसीआर ३१५ या संगणकात भरायची, निकाल काढायचा आणि रेडिओवर खरी लढत चाललीये असं धावतं समालोचन करायचं. अंतिम फेरीत मार्सियानोने डेम्प्सीला हरवलं. आपले अलीसाहेब उपांत्यपूर्व फेरीतच जिम जेफ्रीजकडून बाद. अली तेव्हा जिवंत, अजिंक्य, आणि परवाना नाही म्हणून घरी बसलेला! त्याने बदनामीचा दहा लाख डॉलरचा दावा ठोकला.

तोड निघाली ती अशी: दावा एका डॉलरवर मिटवायचा आणि अलीने मार्सियानोबरोबर चित्रपटासाठी रिंगमध्ये उतरायचं. १९६९ मध्ये मायामीत चित्रीकरण झालं. मार्सियानोला निवृत्त होऊन तेरा वर्षं झालेली. त्याने वीस-बावीस किलो वजन उतरवलं, टकलावर टोप चढवला. एक-एक मिनिटाच्या फेऱ्या शूट केल्या, शेवट वेगवेगळे. संगणक कुठला शेवट निवडणार हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. जानेवारी १९७० मध्ये थिएटरांत दाखवला तेव्हा अमेरिकेत तेराव्या फेरीत मार्सियानो जिंकला. युरोपात दाखवलेल्या प्रतीत अली जिंकला!

मार्सियानोला निकाल कळलाच नाही. चित्रीकरण झाल्यावर काही आठवड्यांतच, ३१ ऑगस्ट १९६९ ला, विमान अपघातात गेला.

त्यामुळे कुणी "ए.आय.ला विचारून बघूया" म्हटलं की मला हसू येतं. तिकीट कुठल्या खंडात विकायचंय ते आधी सांगा, निकाल मी देतो.

अर्धा कप चहा

काका, प्रतिसाद एक नंबर. दावा एका डॉलरवर मिटला हे भारीच. वकिलाने फी किती घेतली असेल?

हातमोजे२३

वजनाबद्दल इथे सगळे ठोशाच्या ताकदीचंच बोलताहेत. मी कॉलेजात असताना बॉक्सिंग करायचे, त्यावरून थोडं सांगते.

आमच्याकडे मुली कमी, त्यामुळे सरावाला वरच्या वजनगटातली जोडीदार मिळायची. तिचा ठोसा लागायचा, पण त्याची सवय होते. सवय होत नाही ती मिठीची. ती आत आली की दोन्ही हात माझ्या खांद्यांवरून टाकायची आणि पाय सैल सोडायची. तिचं सगळं वजन माझ्या मानेवर. हेल्मेटचा पट्टा हनुवटीत रुततोय, तिचा घाम माझ्या डोळ्यांत, आणि सर बाहेरून ओरडताहेत, "बाहेर ये, बाहेर ये!" बाहेर येणार कुठून? तिसऱ्या फेरीपर्यंत हातांत बळ असायचं, मांड्यांत नसायचं.

फ्युरीने फेब्रुवारी २०२० मध्ये वाइल्डरचं हेच केलं. लोकांना सातव्या फेरीतला शेवट आठवतो. मला त्याआधी प्रत्येक मिठीत वाइल्डरच्या मानेवर टाकलेलं ते धूड आठवतं. वाइल्डर तरी साडेसहा फुटांच्या वर आहे. मार्सियानोच्या मानेवर तेच ठेवा आणि सांगा, कितव्या फेरीपर्यंत तो हात फिरवेल.

खिडकीतला कावळा

@हातमोजे२३, मला नेमकं हेच म्हणायचं होतं, असं मांडता आलं नसतं.

याच्यासाठी एक अर्धाकच्चा पुरावाही आहे. एप्रिल २०१३, न्यूयॉर्क. स्टीव्ह कनिंगहॅम हा क्रूझरवेटचा, म्हणजे हेवीवेटच्या खालच्या वजनगटाचा, माजी विजेता, वजन ९५ किलो, म्हणजे लुईसपेक्षाही थोडा जास्तच. त्याने दुसऱ्या फेरीत उजव्या ठोशाने फ्युरीला सपाट पाडला. त्यानंतर फ्युरी त्याच्यावर रेलत, ढकलत राहिला आणि सातव्या फेरीत संपवला.

आणखी एक. आज क्रूझरवेटची मर्यादा २०० पौंड आहे, म्हणजे ९०.७ किलो. जून १९३८ मध्ये श्मेलिंगला १२४ सेकंदांत उडवणारा लुईस त्या मर्यादेच्या आत होता. मार्सियानो आणि डेम्प्सी तर कितीतरी आत. त्यांना आज हेवीवेट म्हणायचं का, इथूनच सुरुवात आहे.

वारणाकाठचा

आमच्या कुस्तीत हा घोळ कायमचा आहे. महाराष्ट्र केसरीला माती आणि गादी असे दोन विभाग, आणि शेवटी मातीचा गडी आणि गादीचा गडी एकमेकांसमोर. आमचे वस्ताद म्हणायचे, मातीत पाय रुततो, दम पुरवून खेळावं लागतं. गादीवर पाय सुटतो, चपळाला मोकळं रान. आता मारुती माने आणि आजचा पोरगा लावायचा तर कशावर लावणार? पारावर एकदा यावरून खरोखरची जुंपली होती. दोघेही साठीच्या पुढचे.

गुळपोळी

@वारणाकाठचा, कोण जिंकलं? आणि माती होती की गादी?

वारणाकाठचा

फरशी होती ताई. दोघांना आत नेऊन चहा पाजला.

पंधरावी फेरी

थोडं मूळ मुद्द्यावर येऊ. "हा त्याला हरवतो, तो याला हरवतो" अशी साखळी लावून निकाल काढणाऱ्यांसाठी सत्तरचं दशक बघा. जानेवारी १९७३ मध्ये किंग्स्टनला फोरमनने फ्रेझरला दोन फेऱ्यांत सहा वेळा पाडला. मार्च १९७४ मध्ये काराकासला नॉर्टनचा दोन फेऱ्यांत निकाल लावला. म्हणजे ज्या दोघांनी अलीला हरवलं होतं, आणि नॉर्टनने तर जबडाही मोडला होता, ते दोघे फोरमनपुढे सहा मिनिटं टिकले नाहीत. मग ऑक्टोबर १९७४ मध्ये किन्शासाला अलीने फोरमनला आठव्या फेरीत झोपवला. साखळी तुटली.

कारण शैली. पुढे-पुढे घुसणारा बुटका फोरमनला आवडायचा, कारण असा गडी स्वतःच्या पायांनी फोरमनच्या अपरकटपाशी (खालून वर येणारा ठोसा) चालत यायचा. म्हणून १९८८ च्या टायसनला माझ्या लेखी धोका अलीपेक्षा १९७३ च्या फोरमनचा जास्त. पहिल्या दोन फेऱ्यांत कुणीतरी पडणार. बहुतेक टायसन.

धडाकेबाज८८

फ्रेझर सरळ रेषेत यायचा हो. टायसन डोकं हलवत, कोन बदलत यायचा. त्याचा गुरू कस डमाटोने कॅट्सकिलला घोटून घेतलेलं होतं ते. फोरमनचे ते गरगरते ठोसे डोक्यावरून जातील आणि आतून हुक येईल. अलीबद्दल एकवेळ ऐकून घेईन, फोरमनबद्दल नाही.

निळी शाई

एक गोष्ट कुणी काढली नाही म्हणून लिहिते. आपण "त्या काळातला सर्वोत्तम" म्हणजे "त्या काळातला विजेता" असं धरून चाललोय. १९०८ मध्ये सिडनीत जॅक जॉन्सनने टॉमी बर्न्सला हरवेपर्यंत कृष्णवर्णीयांना या किताबासाठी लढूच दिलं नव्हतं. जॉन्सन १९१५ मध्ये हवानात हरला, आणि त्यानंतर थेट १९३७, जो लुईस. मध्ये बावीस वर्षं! डेम्प्सीने हॅरी विल्सशी कधीच लढत दिली नाही. जॉन्सननेही विजेता झाल्यावर सॅम लँगफर्डला संधी दिली नाही, कारण गोऱ्या आव्हानवीरांत पैसा जास्त आणि धोका कमी.

त्यामुळे "डेम्प्सी वि. टायसन" रंगवण्याआधी "डेम्प्सी वि. विल्स" रंगवा. ती त्याच काळात होण्यासारखी होती आणि झाली नाही.

जुना रेडिओ

@निळी शाई, +१. वोरोनरच्या यादीत सोळा नावं होती, आणि तीही "विजेत्यांची". लँगफर्ड यादीत येणार तरी कसा?

मोजपट्टी

कावळ्याच्या दुसऱ्या प्रश्नाला मी उलट बाजूने हात घालतो. काळाकाळांतल्या लढती अगदीच काल्पनिक नाहीत, काही प्रत्यक्ष झाल्यात. फक्त एकजण म्हातारा असतो. १९५१ मध्ये मार्सियानोने ३७ वर्षांच्या लुईसला आठव्या फेरीत दोरांबाहेर पाठवला. १९८० मध्ये होम्सने अलीला बदडला, ते बघवत नाही. जानेवारी १९८८ मध्ये टायसनने होम्सला चौथ्या फेरीत. २००२ मध्ये मेम्फिसला लेनॉक्स लुईसने टायसनला आठव्या फेरीत. यातून काही सिद्ध होत नाही, कारण म्हातारा हरणारच.

पण म्हातारा जिंकला तर? नोव्हेंबर १९९४, लास वेगास. फोरमन ४५ वर्षांचा. विजेता मायकेल मूरर २६ चा, डावखुरा, त्या रात्री सगळ्या गुणपत्रिकांवर पुढे. दहाव्या फेरीत एक आखूड उजवा, आणि मूरर पाठीवर. म्हणजे १९७३ चा विजेता १९९४ च्या विजेत्याला हरवतो, तोही स्वतःच्या सर्वोत्तम काळानंतर वीस वर्षांनी. होम्सने ४२ व्या वर्षी रे मर्सरला गुणांवर हरवलं आणि मग होलीफील्डपुढे बारा फेऱ्या काढल्या. "जुने लोक आजच्या वेगापुढे टिकणार नाहीत" म्हणणाऱ्यांनी याचं काय करायचं ते सांगावं.

खिडकीतला कावळा

मुद्दा दमदार आहे, पण फोरमन ६ फूट ३ आणि तेव्हा ११० किलोच्या वर होता. सत्तरचे लोक टिकतात हे मी नाकारतच नाही. मी बोलतोय तीस-पन्नासच्या दशकांतल्या ८५-९० किलोवाल्यांबद्दल.

पंधरावी फेरी

लुईसने धिप्पाडांना मारलंय की! १९३५ मध्ये कार्नेरा, साडेसहा फुटांच्या जवळपास, ११८ किलो, सहाव्या फेरीत गारद. १९४२ मध्ये बडी बेअर, पहिल्याच फेरीत. १९१९ मध्ये टोलेडोला ८५ किलोच्या डेम्प्सीने १११ किलोच्या विलर्डला पहिल्या फेरीत सात वेळा पाडला. अर्थात तेव्हा पडलेल्याच्या अगदी डोक्याशीच उभं राहायला मुभा होती. उठला रे उठला की पुढचा ठोसा.

हातमोजे२३

कार्नेरा आणि फ्युरी यांत उंची सोडून साम्य काय? कार्नेराचे पाय जमिनीला चिकटलेले असायचे. फ्युरी त्या देहात मिडलवेटसारखा सरकतो. आताच्या उंच माणसाला जॅब मारता येतो, मिठी मारता येते आणि पायही हलवता येतात. फरक तिथे पडलाय.

कौलारू

अवांतर: अली भारतातही लढलाय. जानेवारी १९८० मध्ये दिल्लीत आपल्या कौर सिंगबरोबर चार फेऱ्यांचा प्रदर्शनीय सामना. सैन्यातला माणूस, पुढे १९८२ च्या एशियाडला हेवीवेटचं सुवर्ण. २०२३ मध्ये गेले. वेगवेगळ्या काळांतल्या लढतींमध्ये आपलीही एक नोंद आहे म्हणायची.

गुळपोळी

@कौलारू, हे माहीतच नव्हतं. मेहुण्याचं नाव मागे घेते.

निळी शाई

आणि कावळेदादा, तुमच्या "मोठा जिंकतो" सिद्धांतात युक्रेनचा उसिक कुठे बसतो? ६ फूट ३, क्रूझरवेटमधून वर आलेला. मे २०२४ मध्ये रियाधला १०१ किलोवर ११९ किलोच्या फ्युरीला हरवलं, नवव्या फेरीत दोरांवर लोळवून. डिसेंबरमध्ये पुन्हा. जुलै २०२५ मध्ये वेम्ब्लीला दुब्वाला पाचव्या फेरीत. त्याच्या मानेवर कुणी रेललं का?

हातमोजे२३

रेलणार कसं, तो समोर राहतच नाही ना. ठोसा मारला की डाव्या-उजव्या बाजूला पाऊल. फ्युरी मिठी मारायला झुकतो तेव्हा तिथे हवा असते. पण असा एकच आहे, आणि त्याचेही १०१ किलो, ८४ नव्हेत.

मोजपट्टी

मग शेवटची जोडी मी लावतो. १९३८ चा लुईस वि. २०२४ चा उसिक. वजनात दहा-अकरा किलोंचा फरक, उंचीत इंचभराचा. रडारड नको.

माझा कौल उसिकला. लुईसला त्रास कुणी दिला? बिली कॉनने, जून १९४१. लाइट हेवीवेटमधून आलेला, ऐंशी किलोही नसेल, सगळा खेळ पायांवर. उसिक म्हणजे वीस किलो जास्तीचा, डावखुरा कॉन.

पंधरावी फेरी

आणि त्या कॉनला तेराव्या फेरीत झोपवला कोणी? पुढे असताना नॉकआऊटच्या मोहात पडला आणि फेरी संपायला दोन सेकंद असताना गेला. लुईस मला वाट बघत बसलेला दिसतो. त्याचा उजवा सहाच इंच प्रवास करतो. एकदा उसिक बाजूला सरकायला चुकला की झालं.

मोजपट्टी

उसिक मोहात पडत नाही हाच तर त्याचा गुण. शिवाय ती लढत पंधरा फेऱ्यांची होती. १९८२ मध्ये कोरियाचा किम डुक-कू मँचिनीबरोबरच्या लढतीनंतर गेला, आणि मग फेऱ्या हळूहळू सगळीकडे बारा झाल्या. बारा फेऱ्यांनंतर तीनपैकी दोन गुणपत्रिकांवर कॉन पुढे होता, तिसरीवर बरोबरी. आजच्या नियमाने कॉन विजेता, लुईस घरी.

पंधरावी फेरी

माझं सदस्यनाम वाचा. मी पंधराच धरतोय. लुईस, चौदावी.

धडाकेबाज८८

टायसन दोघांनाही. एकाच रात्री.